मदत हवी आहे : शाळेच्या मैदानावर फुटबॉलची फायनल, तीन हजारांची गर्दी अपेक्षित, मोठं गेट एकच

सेंटरहाफ : हिंगोली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी अकरा-अकराची फायनल आहे, संध्याकाळी ५ वाजता. मैदान शाळेचं, काळ्या मातीचं, आखणी १०० बाय ६० मीटर, गोल उत्तर-दक्षिण. उत्तरेच्या गोलमागं सहा मीटरवरच भिंत आहे. वायव्य कोपऱ्यात १२ फुटांचं (३.६ मीटर) मोठं गेट आणि पूर्वेला शाळेच्या अंगानं ४ फुटांचं (१.२ मीटर) छोटं गेट. दक्षिणेला भिंत नाही. तिथं पत्रे ठोकलेत आणि पलीकडं पडीक शेत आहे.

सेमीला अंदाजे अठराशे लोक होते. दुसऱ्या हाफमध्ये प्रेक्षक साइडलाइनवर आले, कॉर्नर मारायला दोन पावलांची धाव घेता येईना, आणि सुटताना मोठ्या गेटात गाड्या, पाणीपुरीचे गाडे आणि माणसं एकत्र अडकली. फायनलला तीन हजार येतील असं सगळे म्हणतात. मंडपवाला बल्ल्यांची सहा पायऱ्यांची गॅलरी द्यायला तयार आहे. ती घ्यावी का? आत किती माणूस सोडावं? आणि आमच्या संघाचं एक : तीन सामन्यांत पाच गोल खाल्ले, त्यातले चार साठाव्या मिनिटानंतरचे. सुरुवातीपासून हाय प्रेस (समोरच्याला त्याच्याच अर्ध्यात दाबायचं), कडेनं पळणारे विंगर दोन, खेळाडू बदलतो ते पंच्याहत्तराव्या मिनिटानंतर. काय चुकतंय? सविस्तर सांगा, कमिटीची बैठक गुरुवारी आहे.

गोललाईन : तीन हजार येतील हा आकडा बाजूला ठेवा. दोन आकडे काढा : किती जणांना नीट दिसेल आणि किती जण आठ मिनिटांत बाहेर पडतील. दोन्हींतला जो लहान, तेवढेच लोक आत.

आधी दिसण्याचा. सपाट मैदानात चौथ्या-पाचव्या रांगेच्या मागं काही दिसत नाही आणि न दिसणारा माणूस पुढं रेटतो. साइडलाइनवरची गर्दी तिथूनच तयार होते, शिस्तीचा प्रश्न नंतरचा. म्हणून दोर रेषेपासून ३ मीटर बाहेर घ्या. दोरामागं पहिल्या दोन रांगा सतरंजीवर, तिसरी शाळेच्या बाकांवर, मागच्या दोन उभ्या. माणशी अर्धा मीटर धरा. पूर्वेला ये-जा करायच्या वाटा सोडून ९० मीटर मिळतात, म्हणजे ९०० माणसं. पश्चिमेला दोन्ही संघांचे बाक आणि पंचांचं टेबल २५ मीटर खातं, वाटा वजा जाता ६५ मीटर, ६५० माणसं. दक्षिणेच्या गोलमागं जाळीपासून १० मीटर सोडून ४० मीटर, ४००. एकूण १९५०. उत्तरेच्या गोलमागं एकही माणूस नको. सहा मीटरात भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलेल्याला सरकायला जागाच उरत नाही.

आता बाहेर पडण्याचा. इंग्लंडमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षेचे जे निकष वापरतात, त्यांत सपाट वाटेवर एका मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं आणि जास्तीत जास्त ८ मिनिटं असा हिशेब आहे. छोट्या गेटातून ८ मिनिटांत सुमारे ७८५. दक्षिणेचे पत्रे ८ फूट (२.४ मीटर) काढले तर तिथून सुमारे १५७०. मोठं गेट २३६० देतं, पण ते मी धरतच नाही, कारण सगळ्यात मोठी वाट बंद पडली तरी उरलेल्या वाटा पुरल्या पाहिजेत. उरतात २३५५. ढेकळं आणि उतार पाहता त्यातले तीनशे वजा करा. १९५० तरीही बसतात. म्हणजे तुमचा आकडा १९५०, आणि पत्रे काढले नाहीत तर ७८५. दुसरं काही जमो न जमो, पत्रे आधी काढा.

मंडप-बल्ली : गॅलरी घेऊ नका, हे स्पष्ट सांगतो. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. एप्रिलमध्ये खड्डा खणून बल्ली ठोकली की ती भेगेत उभी राहते. आदल्या रात्री वळवाची सर आली तर तीच माती लोण्यासारखी होते आणि एका अंगाचे पाय दोन-तीन इंच बसतात. वरचं वजन त्या अंगाला गेलं की बाकीच्या बल्ल्यांवर आडवा ताण येतो. काथ्याची गाठ उभं वजन धरते, आडवा झोका धरत नाही. आणि गोल झाला की तीनशे माणसं एकाच ठेक्यात उड्या मारतात, तो झोका आडवाच असतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात मार्च २०२२ मध्ये सेव्हन्सच्या (सात-सातच्या फुटबॉलच्या) सामन्यात अशीच तात्पुरती गॅलरी कोसळून दोनशेच्या आसपास लोक जखमी झाले.

पाहुण्यांसाठी उंची हवीच असेल तर एक फुटाचं सपाट स्टेज, खाली फळ्या आणि मुरूम, वर पन्नास खुर्च्या. तेवढं पुरे.

सेंटरहाफ : गॅलरी रद्द करायला सांगतो. पण मग लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणून लावतील. शाळेच्या स्लॅबवर पोरं चढतात. आणि दोराऐवजी बांबूचं पक्कं कठडं करू का?

मंडप-बल्ली : दोन चाकांची ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली नसेल आणि माणसं मागच्या फाळक्याकडं सरकली तर पुढचा दांडा उचलतो आणि सगळे मागं सांडतात. ट्रॉल्या रस्त्यापलीकडं, आत एकही नाही. स्लॅबच्या जिन्याला सकाळीच कुलूप लावा आणि तिथं माणूस बसवा. पत्र्याच्या शेडवर तर कुणीच नको. कंपाउंडच्या भिंतीवर बसू देऊ नका आणि तिला टेकून गर्दी होऊ देऊ नका, आडवा रेटा घेण्यासाठी ती बांधलेली नसते. ब्रुसेल्सच्या हेसल स्टेडियममध्ये २९ मे १९८५ ला ३९ माणसं गेली, तेव्हा लोक भिंतीशी दाबले गेले आणि ती भिंत पडली.

गोललाईन : बांबूचं पक्कं कठडं नको. पुढच्या माणसाला मैदानात पळता आलं पाहिजे, कारण गर्दी दाटली की मैदान हीच सगळ्यात मोठी मोकळी जागा असते. इंग्लंडच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये १५ एप्रिल १९८९ रोजी लोखंडी जाळ्यांमुळे पुढच्यांना मैदानात उतरता आलं नाही. ९७ जीव गेले. तुम्ही दर १० मीटरवर बांबू, कमरेच्या उंचीला सुताचा एकच दोर, आणि दर २० मीटरवर दोन मीटरची फट ठेवा. फटीत स्वयंसेवक उभा राहील. त्याचं तोंड गर्दीकडं, पाठ सामन्याकडं. हे पोरांना पटत नाही, म्हणून ज्याला सामना बघायचाय त्याला दोरावर लावूच नका.

काय बघायचं हेही त्यांना सांगा. माणसांना हात छातीवरून वर घेता येईना, पाय न उचलता माणूस सरकू लागला, गर्दी शेताला वारं लागल्यासारखी हलू लागली, लहान मूल डोक्यावरून पुढं दिलं जाऊ लागलं, की दोन्ही हात डोक्यावर फुली करून पंचांना खूण करायची. माणसं बहुतेक वेळा पायाखाली तुडवून मरत नाहीत. उभ्याउभ्याच छाती दाबली जाऊन श्वास थांबतो, आणि मागच्याला त्याचा पत्ताही नसतो. मागच्यांना मागं घ्या, मग पुढचे आपोआप सुटतात. पुढच्यांना ‘मागं सरका’ ओरडून काही होत नाही.

शिट्टी : पंचांच्या बाजूनं लिहितो. बाहेरच्या अडथळ्यासाठी सामना थांबवायचा पूर्ण अधिकार फुटबॉलच्या नियमावलीतल्या नियम ५ प्रमाणे पंचांना आहे. त्यामुळे ती फुलीची खूण पंच, दोन्ही लाईन्समन आणि दोन्ही कप्तान यांना सामन्याआधी एकत्र उभं करून दाखवा.

वेळेचं बघा. त्या दिवसांत तुमच्याकडं पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळतो. ५ ला सुरू केलं तर ४५, मध्यंतर १५, पुन्हा ४५, वाढीव वेळ आणि पाणी धरून ६.५५ होतात. बरोबरी झाली तर अंधारात अर्धा तास जादा. साडेचारला सुरू करा आणि जादा वेळ नाही, थेट पेनल्टी, असं स्पर्धेच्या नियमात आत्ताच लिहून दोन्ही संघांच्या सह्या घ्या.

पेनल्टीचा धोका कुणी लिहिला नाही म्हणून मुद्दाम सांगतो. शूटआउट जाहीर होताच तिन्ही बाजूंची माणसं एका गोलकडं धावतात. तुमची सगळी आखणी त्या दोन मिनिटांत मोडू शकते. नियम १० मध्ये गोल नाणेफेकीनं ठरतो, पण सुरक्षेचं कारण असेल तर पंच नाणेफेक न करता गोल ठरवू शकतात. त्यांना आधीच सांगून दक्षिणेचा गोल घ्या : तिथं मोकळी जागा आहे आणि पत्रे काढलेली वाट आहे. ऐंशीव्या मिनिटाला बरोबरी असेल तर पूर्वेचे सहा स्वयंसेवक दक्षिणेच्या दोन्ही कोपऱ्यांवर हलवा आणि माईकवर सांगा : ‘पेनल्टी झाल्या तर सगळ्यांनी आहे तिथंच बसायचं. उभं राहिलं तर शिट्टी वाजणार नाही.’ मराठीत आणि हिंदीत, दोन्ही. माईक डीजेच्या जनरेटरवर नको, वेगळ्या बॅटरीवर हवा.

गोलपोस्ट हलते असतील तर मागचा दांडा जमिनीत खुंट्यांनी पक्का करा आणि वर वाळूची पोती टाका. गोल झाल्यावर पोरं दांड्याला लोंबकळतात. भेगाळलेल्या मातीत नुसती खुंटी निघते.

सेंटरहाफ : साडेचारला चाळीस डिग्री असते. आमचा संघ पाचलाच साठाव्या मिनिटाला बसतो, अजून लवकर खेळवू कसा?

डावा बॅक : तुमचा संघ उन्हापेक्षा प्रेसमुळे बसतो. चाळीस डिग्रीत नव्वद मिनिटं हाय प्रेस कुणालाच होत नाही. पहिली दहा मिनिटं दाबा, नंतर दोन्ही स्ट्रायकर मध्यरेषेपाशी आणा आणि चार-चारच्या दोन फळ्या २५-३० मीटरमध्ये ठेवा. पुन्हा मध्यंतरानंतर दहा मिनिटं दाबा. चेंडू गेल्यावर फक्त तीन ठिकाणी धावायचं : आखूड थ्रो-इन, गोलकीपरकडं जाणारा बॅकपास, आणि समोरच्यानं पाठ करून घेतलेला चेंडू. बाकी वेळी जागा धरा.

बदल पंच्याहत्तरीला म्हणजे गोल खाऊन झाल्यावर. दोन्ही विंगर ५५ ते ६० मध्ये बदला, कारण जोराची पळ त्यांची खूप होते आणि मागं न परतलेल्या विंगरच्या मोकळ्या जागेतूनच क्रॉस येतात. ते चार गोल कुठून आले ते तपासा. माझ्या अंदाजानं निदान दोन तरी बाजूनंच असतील.

आणि दोराचा खेळाशी थेट संबंध आहे. प्रेक्षक रेषेवर आले की विंगर आत येतो, ६० मीटरचं मैदान ५० चं होतं, आणि दोन विंगरवर उभा असलेला तुमचा संघच आधी मरतो. ३ मीटर मोकळे ठेवणं हा तुमचा डावपेचही आहे.

कूलिंग ब्रेकला नियमात ९० सेकंद ते ३ मिनिटं आहेत. तिसाव्या आणि पंच्याहत्तराव्या मिनिटाला दोन मागून घ्या. सामन्याच्या दोन तास आधी अर्धा लिटर पाणी, ब्रेकला १५०-२०० मिली. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एका लिटरमध्येच कालवा. अर्ध्या लिटरमध्ये घट्ट केलं तर पोट ढवळतं. गार पाण्यात बुडवलेले टॉवेल बादलीत ठेवा. खेळाडू अडखळू लागला, प्रश्नाला भलतंच उत्तर देऊ लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर घाम येत असला तरी उष्माघातच समजा : सावली, कपडे सैल, सगळ्या अंगावर पाणी, मान-काख-जांघेत बर्फ. आधी थंड करा, मग हलवा. हे प्रेक्षकांनाही लागू आहे, पूर्वेकडच्या नऊशे जणांना दोन तास तोंडावर ऊन असणार. टँकर पूर्वेला लावा.

गोललाईन : १०८ ला आधी कळवा आणि गाडी दक्षिणेच्या शेतात, पत्र्याच्या फटीपासून वीस मीटर बाजूला, तोंड रस्त्याकडं करून लावा. फटीतच लावली तर तुमची बाहेरची वाट गेली. पडीक शेतातली काटेरी झुडपं आणि बांध आदल्या दिवशी साफ करा, आणि फटीवर वेगळ्या जनरेटरचा एक दिवा ठेवा.

सेंटरहाफ : प्रवेश मोफत आहे. मग १९५० वर थांबवायचं कसं? लहान मुलं धरायची का? बायकांसाठी वेगळी बाजू ठेवायची असं ठरलंय.

गोललाईन : मोफत असलं तरी नंबर घातलेले कागदी कूपन छापा, नेमके १९५०, निम्मं फाडून पेटीत. कडेवरचं मूलसुद्धा एक कूपन, कारण बाहेर पडताना त्याला जागा लागतेच. चेहरा बघून कूपन देणाऱ्या एका रांगेतून तासाला ६६० च्या वर माणूस जात नाही. तीन वाजता गेट उघडा, तीन रांगा करा. दोन रांगा हिशेबात पुरतात, पण निम्मे लोक शेवटच्या अर्ध्या तासात येतात. १७५० झाले की गेटावर नाही, रस्त्याच्या तोंडाशी, गेटापासून शंभर पावलांवर अडवा आणि तिथंच स्पीकरवर सांगा की आत जागा संपत आलीय. बंद गेटासमोर माणसं साचू देणं सगळ्यात वाईट. बंगळुरूत ४ जून २०२५ ला अकरा जण चेंगरून मेले ते स्टेडियमच्या बाहेर, गेटांपाशी.

बायकांना पूर्वेचा उत्तरेकडचा भाग द्या, छोटं गेट जवळ पडतं. त्या गेटावर एक बाई स्वयंसेवक, किल्ली तिच्या हातात, आणि कुलूप सामना संपेपर्यंत काढलेलंच. दोन्ही गेटं बाहेरच्या बाजूला उघडतात का ते आजच बघा. आत उघडत असतील तर पूर्ण उघडून तारेनं बांधून ठेवा. पाणीपुरीचे गाडे आणि दुचाक्या मोठ्या गेटापासून पन्नास मीटर दूर, त्यासाठी आदल्या रात्रीच चुन्याची रेघ मारा. बक्षीस समारंभ मैदानाच्या मधोमध घ्या, म्हणजे निम्मे लोक थांबतील आणि निम्मे निघतील. गेटापाशी डीजे लावला तर निघणारे थांबतात आणि मागचे येतच राहतात.

सेंटरहाफ : मोठं गेट आत उघडतं, आत्ताच बघून आलो. तार घेतो. पत्र्याचे खिळे काढायला शाळेची लेखी परवानगी लागेल, उद्या अर्ज देतो. पोलीस ठाण्याच्या अर्जाला हा नकाशा जोडायचा तर त्यावर काय काय दाखवू?

शिट्टी : तिन्ही वाटा रुंदीसकट, दोराची रेषा, प्रत्येक बाजूची संख्या, ॲम्ब्युलन्स, टँकर, दुचाक्यांची जागा, माईक कुठं आहे ते, आणि सामना थांबवायचा निर्णय कोण घेणार त्या एका माणसाचं नाव व फोन. नकाशाच्या चार प्रती काढा : ठाणे, शाळा, पंच, आणि एक मोठ्या गेटाच्या खांबाला चिकटवायला.