ऊन फुकट आहे, मलम नाही

ब्रिस्बेनकर
"कर्करोगपूर्व चट्ट्यांवर मलम लावावे, दोन तास अंगणात बसावे आणि मोकळे व्हावे, बाकी सारी डॉक्टरांची कमाई," असे परवा येथे कोणी लिहिले, ते वाचून राहवले नाही. डेन्मार्कमधील त्वचारोगतज्ज्ञांनी पुढे आणलेल्या या उन्हातल्या पद्धतीचे तत्त्व दवाखान्यातल्या दिव्याच्या उपचाराचेच आहे: मलम लावले की बिघडलेल्या पेशींत प्रोटोपॉर्फिरिन हे प्रकाशाने चेतणारे द्रव्य साठते आणि त्यावर प्रकाश पडला की त्या पेशी मरतात. दिव्याचा खर्च वाचतो, पण महागडे मलम तेच राहते. माझ्या सासऱ्यांचे आयुष्य ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या उसाच्या मळ्यांत गेले. त्यांच्या टकलावरून हात फिरवला की पॉलिशपेपरच लागायचा. ते चट्टे फाइव्ह-फ्लुओरोयुरॅसिल या औषधाच्या, प्रकाशाची गरज नसलेल्या साध्या क्रीमने गेले. 2019 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या, 624 रुग्णांच्या डच चाचणीतही वर्षभरानंतर किमान तीन-चतुर्थांश चट्टे नाहीसे असलेले रुग्ण या क्रीमच्या गटात 74.7 टक्के होते, तर प्रकाशोपचाराच्या गटात केवळ 37.7.

पर्थवासी
आकडे तोंडावर फेकण्यापूर्वी ती चाचणी लाल दिव्याची होती, उन्हाची नव्हे, एवढे तरी सांगायचे होते. शिवाय तुमचे "साधे" क्रीम चार आठवडे, दिवसातून दोनदा लावावे लागते. माझ्या यजमानांचा चेहरा दुसऱ्या आठवड्यात सोललेल्या टोमॅटोसारखा झाला, उशीच्या अभ्र्याला खपल्या चिकटू लागल्या आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांनी नळी कचऱ्यात टाकली. नंतर उन्हातला उपचार घेतला, तेव्हा ते दोन तास बागेत वर्तमानपत्र वाचत बसले होते. दिव्याखाली होते तशी आगही झाली नाही.

सावळा_गडी
गोऱ्यांची दुखणी आहेत ही. आपल्या कातडीला यातले काय होणार?

सांगलीची_थोरली
"आपली कातडी" म्हणजे कोणाची? माझा धाकटा भाऊ जन्मतः रंगद्रव्याविना आहे. त्याला कोड नाही, तरी गावाने आयुष्यभर कोडच म्हटले. द्राक्षबागेत राबून तिशीतच त्याच्या कानांच्या पाळ्यांवर आणि मानेवर हेच खरखरीत चट्टे आले. अंगणात बसा म्हणणाऱ्यांना हेही ठाऊक असावे की, त्याला उन्हात डोळे उघडता येत नाहीत. तालुक्याच्या डॉक्टरांनी द्रवरूप नायट्रोजनने चट्टे गोठवायला सुचवले, पण तो त्यांच्याकडे नव्हता. गावात नायट्रोजनचे भांडे येते ते गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी! शेवटी जिल्ह्याला चार खेपा झाल्या आणि दर खेपेला एक रोज बुडाला. तुमच्या नळीच्या किमतीवरच्या वादात हा हिशेब कुठे बसतो?

सावळा_गडी
ताई, चूक झाली. मात्र लाखांत असे किती असतील?

सांगलीची_थोरली
ज्याच्या घरात एक आहे, त्याने लाख मोजत बसायचे का?

पर्थवासी
ताईंचे बरोबर आहे. उन्हातल्या उपचारातही आधी सनस्क्रीन लावावे लागते, आणि झिंकचे पांढरे सनस्क्रीन चालत नाही, कारण ते हवा असलेला प्रकाशच अडवते. "फक्त ऊन" असे काही नसतेच.

ब्रिस्बेनकर
दिवा आणि ऊन यांत मी घोटाळा केला, हे मान्य. आपल्या यजमानांनी ती नळी टाकली नसती तर आणखी मान्य केले असते. ताई, भावाच्या मानेवरचा एखादा चट्टा जाड झाला, दुखू लागला किंवा त्यातून रक्त आले, तर क्रीम आणि ऊन दोन्ही बाजूला ठेवून आधी तुकडा तपासून घ्या.