मदत हवी आहे: मला ठेका नको, भाच्याला ठेक्याशिवाय करमत नाही. दोघांना धरून ठेवेल असा अँबियंट अल्बम सुचवा

नमस्कार मंडळी,

अँबियंट म्हणजे संथ पसरत जाणारं, वातावरण उभं करणारं संगीत. नुसतं 'चांगले अँबियंट अल्बम सांगा' असं विचारलं तर ज्या याद्या येतात, त्यातलं बरंच आम्ही ऐकलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाचा दोन वर्षांपासून आमच्याकडे नागपुरात शिकायला आहे. बारावी झाली, जुलैत पुण्याला जाईल. कूलर एकाच खोलीत असल्यामुळे एप्रिलपासून आम्ही दोघं तिथेच गाद्या टाकतो आणि झोपण्याआधी तासभर एक अल्बम लावतो. दिवसभरातली ही वेळ मला फार आवडते. पण आवडी जुळत नाहीत.

मी आईच्या तानपुऱ्यात वाढलो. पहाटे ती जोड लावून नुसती बसायची, गाणं नंतर. त्यामुळे ब्रायन ईनो या ब्रिटिश संगीतकाराचा १९७८चा 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला काही समजून घ्यावं लागलं नाही. भाचा सहा वर्षं तबला शिकला आहे. त्यानं तोच अल्बम दहा मिनिटं ऐकला आणि म्हणाला, "मामाजी, मला समच सापडून नाही राहिली." खरंच शोधत होता तो, बोटं मांडीवर चालू होती.

त्याचा जीव एफेक्स ट्विन या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराच्या १९९२च्या 'सिलेक्टेड अँबियंट वर्क्स ८५–९२'मध्ये आहे. आणि त्याच माणसाचा १९९४चा 'व्हॉल्यूम टू' माझा. पहिल्यात मऊ सुरांखाली ठेका सतत चालतो. दुसऱ्यात तो जवळजवळ नाहीच, बहुतेक तुकड्यांना नावंसुद्धा नाहीत, चित्रं आहेत. एकाच माणसाचे दोन अल्बम आणि आमच्या घरात त्यांची वाटणी झाली आहे. बोर्ड्स ऑफ कॅनडा ही स्कॉटिश जोडीही भाच्याचीच. 'म्युझिक हॅज द राइट टु चिल्ड्रन' (१९९८) मला आवडतो, पण डोळे मिटत आले की ड्रम पुन्हा जागं करतात.

मधला रस्ता म्हणून चरणजित सिंग लावून पाहिले. मुंबईच्या सिनेसंगीतात वाजवणाऱ्या या माणसानं १९८२मध्ये रोलंड कंपनीच्या ३०३ (बेस वाजवणारं) आणि ८०८ (ड्रम वाजवणारं) यंत्रांवर डिस्कोच्या तालात दहा राग बांधले. ॲसिड हाऊस हे ३०३वर उभ्या राहिलेल्या नाचाच्या संगीताचं नाव रुजण्याच्या कितीतरी आधी. भाचा उठून बसला. मला त्या कामाबद्दल मनापासून आदर आहे, पण ललत आणि मालकंस एकाच धावत्या लयीत आले की माझा राग सुटतो. मला विलंबित हवं असतं.

जमलं ते एकदाच, टँजरीन ड्रीम या जर्मन गटाच्या 'फीड्रा'ला (१९७४). शीर्षकाचा तुकडा सतराएक मिनिटांचा. त्यात ड्रम नाहीत, पण सीक्वेन्सरची (सूर ठरल्या क्रमानं पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्या यंत्राची) नाडी चालते आणि तिच्याभोवती सूर पसरत राहतात. यंत्र तापलं तशी मूग सिंथेसायझरची ऑसिलेटरं, म्हणजे सूर निर्माण करणारे भाग, सुरातून सरकली, आणि ते सरकणं रेकॉर्डिंगमध्ये तसंच राहिलं. नवतपात हे ऐकताना मला आईचा तानपुरा आठवला. दुपारी लावलेला संध्याकाळपर्यंत टिकायचा नाही. त्या रात्री आम्ही दोघंही शेवटपर्यंत बोललो नाही.

तर प्रश्न असा. नाडी आहे पण नगारा नाही, असं अजून काय आहे? लय हळूहळू उगवणारं चालेल. ठेका मध्येच विरघळून जाणारं तर फारच चालेल. एकेक तुकडा दहा मिनिटांच्या वरचा असला तर उत्तम.

दुसरी अडचण कूलरची. मोटर ५० हर्ट्झच्या विजेवर चालते, तिची गुणगुण १०० हर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे पेटीच्या पांढरी पाच आणि काळी चारच्या मधे कुठेतरी. त्यात खसच्या ताटीवरून पडणारं पाणी आणि पंख्याची हवा. खर्जातलं नाजूक काम त्याखाली दबून जातं. आवाज वाढवला की शांतपणा जातो. कूलर बंद करणं शक्य नाही, रात्री अकरालाही भिंती तापलेल्या असतात. तेव्हा मधल्या-वरच्या पट्टीत जास्त काम असलेले अल्बम आधी सांगा.

हेडफोनचा सल्ला कृपया देऊ नका. भाच्यानंही तो दिला होता. एका खोलीत दोघं आणि कानांत दोन वेगळी गावं, ते मला नको आहे. जुलैनंतर तसंच होणार आहे.

भर (दुसऱ्या दिवशी): 'तबल्याच्या पोराला आवर्तनं मोजायला लावा' असं ज्यांनी लिहिलं, त्यांचे आभार. आज पहाटे लाइट गेली, कूलर थांबला, तेव्हा फोनवरच ईनोच्या 'एअरपोर्ट्स'मधला दुसरा तुकडा लावला, नुसत्या माणसांच्या आवाजांचा. त्यात टेपवरचे सूर वेगवेगळ्या लांबीच्या फेऱ्यांत पुन्हा पुन्हा येतात. त्यातल्या तीन फेऱ्यांची लांबी ईनोनं १९९६च्या एका व्याख्यानात सांगितली आहे: २३.५, २५.८७५ आणि २९.९३७५ सेकंद. भाच्यानं कागदावर हिशोब मांडला. तिघं एकदम निघाले तर पुन्हा एकत्र समेवर यायला जवळजवळ २७ दिवस लागतात. कागदाकडे बघत म्हणाला, "म्हणजे सम आहे मामाजी, फक्त लांब आहे." मग एकेका आवाजाची फेरी बोटावर धरून पूर्ण तुकडा ऐकला.

लाइट आल्यावर मात्र त्यानं १९९२वालाच लावला. त्यामुळे प्रश्न कायम आहे, सुचवत राहा. आज रात्री साडेदहाला पहिला सुचवलेला अल्बम लावतो आणि काय झालं ते इथेच लिहितो.