मुलीला चाई पडली आहे, नखांवरही बारीक खड्डे दिसतात, इंजेक्शन घ्यावं का? (नागपूर)

नमस्कार मंडळी, मी नागपूरची, सक्करदऱ्याकडे राहते, मुलगी ११ वर्षांची आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिची वेणी घालून देत होती तर कानामागे कंगवा एकदम घसरला, पाहते तर रुपयाएवढा केस गेलेला चट्टा, एकदम गुळगुळीत, ना खाज ना कोंडा. माझे तर हातपायच गळाले. मेडिकल स्टोअरवाल्याने गजकर्ण असेल म्हणून मलम दिलं, त्यात तीन आठवडे गेले. मग सासूबाईंनी लसूण चोळला, जुना उपाय म्हणून, त्यांचाही जीव आहे तिच्यावर, पण कातडी भाजल्यासारखी लाल झाली आणि पोरगी रात्रभर रडली. कृपा करून लसूण कोणीच लावू नका.

शेवटी धंतोलीत स्किनच्या डॉक्टरांना दाखवलं. त्या म्हणाल्या ही चाईच, अ‍ॅलोपेशिया एरियाटा, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उठते, किडा नाही, बुरशी नाही, कोणाला लागतही नाही. मग त्यांनी तिचं बोट उजेडात धरलं आणि नखं दाखवली, टाचणीने टोचल्यासारखे बारीक बारीक खड्डे. दर रविवारी ही नखं मीच कापते हो, मला कधी दिसले नाहीत ते, याचं फार वाईट वाटून राहिलं. थायरॉइडची टेस्ट नॉर्मल आली. सध्या स्टेरॉइडचं लोशन सुरू आहे, फरक नाही पडला तर चट्ट्यातच इंजेक्शन, दर ४ ते ६ आठवड्यांनी. एकदोनच चट्टे असले तर पुष्कळदा वर्षभरात केस आपोआप येतात पण नखं धरली असली तर जरा चिवट असू शकतं, असंही त्या म्हणाल्या. आणि मागच्या आठवड्यात दुसरा चट्टा दिसला.

एवढ्या लहान मुलांना कोणी ही इंजेक्शनं दिली आहेत का, किती दुखतं, नंतर तिथे खड्डा पडतो म्हणतात तो भरतो का? यांचं म्हणणं एकदा मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) स्किन ओपीडीत पण दाखवून घेऊ, तिथे कोणी गेलं असेल तर सकाळी किती वाजता जावं तेही सांगा. शाळेत बाजूच्या मुलीने जागा बदलून घेतली, तेव्हापासून ही स्कार्फ काढतच नाही, टीचरशी कसं बोलावं?

अजून एक, काल ट्यूबलाइटखाली पाहिलं तर पहिल्या चट्ट्यात पांढरी बारीक लव आल्यासारखी वाटली. तिला अजून सांगितलं नाही. कोणाच्या मुलांचे असे पांढरे आलेले केस नंतर काळे झाले का, तेवढं तरी नक्की सांगा.