हरभऱ्यात मर रोगाचं क्यूटीएल मॅपिंग करायचंय: एफ२ घेऊ की आरआयएल? सल्ला हवा

घाटेअळी_नाही_मी:
नमस्कार मंडळी, एमएस्सी अ‍ॅग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मिळालाय हरभऱ्यातली मर प्रतिकारकता, म्हणजे ती देणारी जनुकं गुणसूत्रांवर कुठे बसतात (क्यूटीएल) ते शोधायचं. गाईड म्हणतात जेजी ६२ (मरीला बळी पडणारा वाण) आणि विजय (टिकणारा) क्रॉस करून एफ२ म्हणजे दुसरी पिढी घे, सीनियर म्हणतो एफ२ मध्ये वेळ घालवू नकोस. हातात रब्बीचा एकच सीझन आहे, मार्करला (डीएनएवरच्या खुणा तपासायला) पैसे जेमतेम एका प्लेटचे. काय करू? सॉफ्टवेअर कुठलं तेही सांगा प्लीज

बुडखा:
अरे नवा क्रॉस करूच नकोस. हरभऱ्याचं फूल एवढंसं, कळीतले पुंकेसर काढताना निम्म्या कळ्या गळतात, जमलं तरी एफ१ आणि एफ२ ला दोन सीझन गेले. त्यात एफ२ चं झाड एकच, मेलं की संपलं, रिपीट कशाचं घेणार? जेजी ६२ × विजयची आरआयएल (क्रॉसनंतर पिढ्यानपिढ्या स्वपरागण करून स्थिर केलेल्या लाइन, बियाणं पुन्हा पुन्हा पेरता येतं) पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आधीच झालेली आहे, गाईडकडून रीतसर पत्र पाठवून बियाणं मिळतं का बघ. ९६ विहिरींची प्लेट म्हणजे २ पालक आणि ९४ लाइन. एवढ्याशा संख्येत मोठा क्यूटीएल सापडतो पण त्याचा इफेक्ट आहे त्यापेक्षा फुगून दिसतो, याला बीविस इफेक्ट म्हणतात, व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) हमखास विचारतात. सॉफ्टवेअर आयसीआयमॅपिंग घे, फुकट आहे, आर ही प्रोग्रॅमिंग भाषा येत असेल तर आर/क्यूटीएल.

सिकप्लॉटवाली:
बुडखादादांचं पटलं पण सगळे मार्करवरच बोलतात आणि घोळ होतो शेतात. माझ्या पहिल्या वर्षी मी मेलेलं प्रत्येक झाड "मर" म्हणून लिहीत गेले, फुलोऱ्यानंतर ऊन तापलं तशी झाडं पटापट वाळली, मी खुश, आणि नंतर कळलं त्यातली कितीतरी कोरड्या मूळकुजीची होती 😭 डेटा सगळा पाण्यात. म्हणून झाड उपटायचं आणि ब्लेडने खोड उभं चिरायचं. आत काळपट तपकिरी रेघ असेल तर फ्युजेरियम बुरशीची मर. मूळ काड्यासारखं कट्कन मोडलं आणि साल सुटून आली तर मूळकुज. दर काही ओळींनंतर जेजी ६२ ची ओळ पेर, ती महिन्याभरात आडवी झाली नाही तर तुझा सिक प्लॉट (चाचणीसाठी मुद्दाम रोगट ठेवलेलं रान) सिकच नाही! आणि बुरशीची रेस (उपप्रकार) कुठली ते आधी विचार. १९८२ मध्येच ४ रेस वेगळ्या केल्यात, १ हैदराबाद, २ कानपूर, ३ गुरदासपूर, ४ हिस्सार, एकीला टिकणारी लाइन दुसरीला टिकेलच असं नाही.

घाटेअळी_नाही_मी:
बापरे ताई, खोड चिरायचं कुणीच सांगितलं नव्हतं. पण जनुकांचा नकाशा बरोबर आलाय हे कसं कळणार?

बुडखा:
सोप्पं आहे. जेजी ६२ ला एका देठावर दोन घाटे येतात, विजयला एक. तो एकाच जनुकाचा खेळ आहे, आरआयएलमध्ये साधारण १:१ पडतो आणि लिंकेज ग्रुप ६ वर (नकाशात एकेका गुणसूत्राचा एकेक ग्रुप असतो) बसतो. पण सिक प्लॉटातली मेलेली झाडं घाटे धरणार नाहीत, म्हणून तेच ९४ चांगल्या रानातही पेर आणि घाटे मोज. दुहेरी घाटा भलत्याच ग्रुपवर गेला तर मरीचं काही बोलूच नको, आधी नावं-नंबर तपास, नव्वद टक्के वेळा पाकिटं अदलाबदल झालेली असतात. फक्त दोन घाटे प्रत्येक पेऱ्यावर येत नाहीत, पूर्ण झाड बघ.

बांधावरून:
मी शेतकरी माणूस, निम्मं डोक्यावरून गेलं. याचा वाण कधी येतो का हो हातात?

सिकप्लॉटवाली:
येतो की काका. डब्ल्यूआर ३१५ या लाइनमधली मर प्रतिकारकता मार्कर लावून अण्णिगेरी १ मध्ये आणली, तोच सुपर अण्णिगेरी १, रायचूरचा, २०१९ ला आला. दुष्काळाचंही तसंच, दुष्काळ सोसणाऱ्या आयसीसी ४९५८ चा चौथ्या ग्रुपवरचा तुकडा पुसा ३७२ या वाणात टाकून पुसा चिकपी १०२१६ केला.

बांधावरून:
मग बरंय. आमच्या खालच्या तुकड्यात दरवर्षी मर लागते, तिथे जेजी ६२ पेरून बघायचं असेल तर या, जागा फुकट 😄

घाटेअळी_नाही_मी:
काका सिरियसली? गाव कुठलं, मेसेज करतो