मदत हवी आहे: ज्येष्ठांना स्वादुपिंडाच्या कर्करोगाबद्दल कसं सांगावं? (कोपरखैरणे)

नमस्कार मंडळी,

कोपरखैरण्यातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी, म्हणजे जागतिक स्वादुपिंड कर्करोग दिनी, तासाभराचा कार्यक्रम घ्यायचं ठरलंय. सभासद साठी-सत्तरीचे, बरेच जण मार्केटमधून निवृत्त झालेले माथाडी, मूळचे सातारा-पाटणकडचे. या आजाराचं नाव काढलं की "पर्रीकरांना झालेला तो" एवढंच आठवतं. पर्रीकर २०१९ च्या मार्चमध्ये गेले. स्वादुपिंड असतं कुठे, हेही बहुतेकांना ठाऊक नाही. (जठराच्या मागे, खोलवर. म्हणून तर गाठ हाताला लागत नाही.)

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते काविळीबद्दल. माझे मामा याच आजाराने गेले. डोळे पिवळे झाले, पण ना ताप ना पोटदुखी. मग गावी नेऊन कावीळ उतरवून घेतली. हाताला काहीतरी चोळायचं, चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे, पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली म्हणायचं. ते पाणी धडधाकट माणसाचे हात धुतले तरी पिवळं होतं! स्कॅन झालं तोवर आजार यकृतात पसरला होता.

स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागातून पित्तनलिका जाते. तिथल्या गाठीने नळी दबली की पित्त आतड्यात उतरत नाही, रक्तात साठतं. मग लघवी गडद होते, शौचाचा रंग मातकट-पांढुरका, अंगाला खाज सुटते. दुखत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. वयस्कर माणसाला न दुखणारी कावीळ झाली तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायला हवा, हे मला लोकांच्या मनात ठसवायचंय. गाठ शेपटीकडे असेल तर सहसा कावीळही होत नाही. पोटात दुखून पाठीत कळ जाते, वजन घटतं, आणि कळेपर्यंत फार उशीर होतो. निदानाच्या वेळी १०० पैकी साधारण १५ ते २० जणांचंच ऑपरेशन शक्य असतं.

आता अडचण अशी. कावीळ उतरवणारे कुणाचे सासरे, कुणाचे चुलते. पैसेही घेत नाहीत, गावात मान आहे. त्यांना खोटं पाडलं तर निम्मी सभा उठून जाईल. "उतरवून घ्या, पण आधी बिलिरुबिन (काविळीची रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी करा" असं म्हणावं, की स्पष्ट बोलावं? ज्यांनी गावाकडे आरोग्याचं काम केलंय त्यांनी जरूर सांगा.

दुसरं, "कुठली टेस्ट करून घेऊ?" हे विचारलं जाणारच. सोसायटीच्या गेटवर फुल बॉडी चेकअपची पत्रकं येतात, त्यांत सीए १९-९ ही कर्करोगाशी जोडलेली रक्ततपासणी असते. ती साध्या पित्ताच्या खड्यांमुळेही वाढू शकते आणि काहींच्या रक्तात कर्करोग असूनही वाढत नाही. लक्षणं नसलेल्या सर्वसामान्य माणसासाठी तपासणीची शिफारस नाही, हे निराश न करता कसं सांगायचं? ज्यांच्या घरात जवळच्या दोघांना हा आजार झालाय, त्यांनी मात्र तज्ज्ञांना विचारावं, हे सांगणार आहे.

फलकासाठी मजकूर केलाय, वाचून बघा:

"डोळे पिवळे, पण दुखत नाही? खाणं तेच असून वजन उतरतंय? पन्नाशीनंतर अचानक साखर निघाली आणि वजनही घटतंय? पोटातली कळ पाठीत जाते? डॉक्टरांना दाखवा. सोनोग्राफीत स्वादुपिंड गॅसमुळे नीट दिसलं नाही, तर सीटी स्कॅन लागेल का हे विचारा. विडी-सिगारेट, तंबाखू, मशेरी सोडा."

साखरेच्या वाक्याची मला धास्ती वाटते. मधुमेह घरोघरी आहे आणि नव्याने साखर निघालेल्या बहुतेकांना हा कर्करोग नसतो. वाक्य ठेवू की काढू?

शेवटी वक्ता. खारघरला टाटांचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे, तिथे किंवा ठाणे-वाशीकडे पोटविकाराचे, सर्जरीचे मराठीतून बोलणारे कुणी डॉक्टर ओळखीचे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मानधन फारसं देता येणार नाही, जाण्यायेण्याची सोय आम्ही करू. फलक पुढच्या आठवड्यात छापायला जाईल, तेव्हा मजकुरातल्या दुरुस्त्या त्याआधी कळवा.