नाशिकला वकिली चालू केलीय, गावच्या लोकांसाठीही करायचंय, कसं जमवू?

नवीन_काळाकोट: सनद मिळाली, सीबीएस बसस्टँडजवळच्या कोर्टात एका सरांकडे ज्युनियर आहे, मिळतं ते पेट्रोलपुरतं. गाव सुरगाण्याकडं, तिथले लोक वनहक्काचे, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरच्या हक्काचे कागद घेऊन माझ्याकडेच येतात, फी मागवत नाही आणि नाही मागितली तर रूमभाडं कुठून देऊ? कोणी दोन्ही सांभाळलंय का?

गोदाकाठ: विधी सेवा प्राधिकरण गरजूंना मोफत वकील देतं, त्यांच्या वकिलांच्या यादीत, म्हणजे पॅनेलवर जाता येतं का बघ, पण त्याला साधारण ३ वर्षं प्रॅक्टिस लागते. फी प्राधिकरण देतं, पक्षकाराकडून रुपया घ्यायचा नाही. महिला, मुलं, एससी-एसटी यांना हा मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, म्हणजे तुझं अर्धं गाव त्यात बसतं. तोवर सरांची सिव्हिल कामं मन लावून कर, पोट त्यावरच भरणार आहे.

डांगी_माणूस: अरे वनहक्काला आधी कोर्ट लागतच नाही. दावा ग्रामसभेत, मग उपविभागीय समिती, तिथं फेटाळला तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे अर्ज. जमिनीचा ताबा १३ डिसेंबर २००५ आधीचा दाखवायचा, पुरावे किमान दोन, आणि म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही पुरावा धरतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं बघ. महिन्यातून एक रविवार गावात बस आणि सगळ्यांचे कागद एकदमच तपास, रोज फोनवर फोन घेत बसलास तर तुझी प्रॅक्टिस बुडाली म्हणून समज.

नवीन_काळाकोट: ६० दिवसांचं भारी सांगितलंत दादा, एका काकांची मुदत जवळ आलीय, आजच फोन लावतो.