शेजारी त्यांचा कचरा आमच्या डब्यात टाकतात, काय करू? (मदत हवी आहे)

उंबरठा
डोकं फिरायची वेळ आलीये म्हणून लिहितेय. गेले दोन-अडीच महिने आमच्या कचऱ्याच्या डब्यात कोणीतरी स्वतःच्या पिशव्या आणून टाकतंय. आधी एखादी असायची, म्हटलं जाऊ दे, आता तीन तीन असतात. मागच्या वेळी गाडीवाल्यांनी डबा उचललाच नाही, ओला-सुका एकत्र आहे अशी चिठ्ठी चिकटवून गेले. घरात आम्ही सगळं वेगळं ठेवतो, मुलीलासुद्धा सवय लावलीये, रिकाम्या बाटल्या धुऊन वाळवून मग टाकते ती, आणि चिठ्ठी मात्र आमच्या डब्यावर. काल झाकण लागेना म्हणून वरून दाबलं तर पिशवीतून काच आली आणि तळहात कापला. बोलायचं तर नक्की कोणाशी बोलू तेच कळत नाही. कोणी यातून गेलं असेल तर काय केलंत ते सांगा, जरा लवकर, गुरुवारी परत गाडी आहे.

काटकोन
डबा असतो कुठे? फाटकाच्या आत की बाहेर? स्वतंत्र घर आहे की इमारत? आणि पिशव्या कोणत्या वेळी येतात ते पाहिलंय का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार.

परसातली_शेवंती
ताई, मी सांगते, ओला कचरा घराबाहेर जाऊच देऊ नका. मी सहा वर्षं घरीच जिरवतेय. भाज्या-फळांची सालं आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट वाळलेला पाला, मधेमधे हलवायचं म्हणजे हवा खेळते आणि वास अजिबात येत नाही. वास कशाचा येतो, तर ओलं जास्त झालं आणि आत हवा पोचली नाही की. दोन-तीन महिन्यांत काळंभोर खत होतं. डब्याची गरजच उरत नाही.

उंबरठा
शेवंतीताई, खताचं छान आहे पण माझ्या कचऱ्याचा प्रश्नच नाहीये, दुसऱ्याच्या कचऱ्याचा आहे. मी डबा ठेवलाच नाही तर ते पिशव्या माझ्या दारात ठेवतील.
काटकोन, स्वतंत्र घर आहे, ओळीतली घरं, डबा फाटकाच्या बाहेर. वेळ कशी बघणार, आम्ही दोघंही कामावर.

कडीकोयंडा
कुलूप लावा, विषय संपला. मी झाकणाला आणि डब्याच्या कडेला भोक पाडून कडी बसवली, त्यात छोटं कुलूप. एका आठवड्यात सगळे गप्प. ज्याला टाकायचं त्याला टाकता आलं नाही की तो दुसरं दार शोधतो.

काटकोन
थांबा जरा. कुलूप लावलं तर गाडीवाला डबा कसा उघडणार? उंबरठा, तुमच्याकडे गाडी डबा यंत्राने उचलून उलटा करते की माणूस झाकण उघडून काढतो?

उंबरठा
गाडीला मागे लोखंडी हात आहेत, डबा अडकवतात आणि उलटा होतो.

काटकोन
मग साधं कुलूप अजिबात नको. असल्या डब्यांसाठी वेगळी कडी मिळते, आत एक वजन असतं, डबा उभा असला की ते खाली बसून झाकण अडकवून ठेवतं, गाडीने डबा उलटा केला की वजन सरकतं आणि झाकण आपोआप सुटतं. घरच्यांसाठी वेगळी किल्ली. पण डबा जर पालिकेने दिलेला असेल तर भोक पाडण्याआधी विचारा, तो तुमच्या मालकीचा नसतो.

कडीकोयंडा
मी कोणाला विचारलं नव्हतं, काही झालं नाही.

काटकोन
तुमच्याकडे झालं नाही म्हणून त्यांच्याकडे होणार नाही असं नसतं. डब्याचं नुकसान केलं म्हणून भुर्दंड त्यांना बसला तर तुम्ही भरणार का?

सरळ_फाटकात
मी असतो तर पिशवी उघडून बघितली असती. कोणत्याही घरच्या कचऱ्यात नाव-पत्त्याचा कागद सापडतोच, पार्सलचं खोकं, बिल, काहीतरी. मग ती पिशवी जशीच्या तशी त्यांच्या फाटकात नेऊन ठेवायची. न बोलता समजतं.

सावलीची_बाजू
हे करू नका प्लीज. आमच्या गल्लीत असंच झालं होतं, एकाने पिशवी परत नेऊन ठेवली, ती निघाली तिसऱ्याचीच. पत्त्याचं खोकं कोणीतरी उचलून वापरलेलं होतं. दोन घरं वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हती, मुलांचं एकत्र खेळणंसुद्धा बंद. आणि दुसऱ्याच्या दारात कचरा ठेवला की नियमाच्या दृष्टीने टाकणारे तुम्हीच ठरता.

सरळ_फाटकात
म्हणजे सोसत बसायचं? हात कापलाय त्यांचा.

सावलीची_बाजू
सोसा असं कुठे म्हटलं. आधी जाऊन तोंडाने विचारा म्हणतेय.

पांढरी_पट्टी
हातावरून आठवलं, कचऱ्यातली काच लागलीये ना, धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली होती? घाण लागलेल्या जखमेला पाच वर्षांहून जास्त झाली असतील तर पुन्हा घ्यायला लागते. जखम किती खोल आहे? आत काच राहिलीये का? वाहत्या पाण्याने आणि साबणाने नीट धुवा आणि आजच डॉक्टरला दाखवा, तळहातात शिरा आणि नसा अगदी वर असतात. बोटांना मुंग्या येत असतील किंवा एखादं बोट नीट वळत नसेल तर अजिबात थांबू नका.

पहाटेची_गाडी
माझे वडील तीस वर्षं कचऱ्याच्या गाडीवर होते म्हणून लिहितो. ताईंना जे काल झालं ते त्यांना दर महिन्याला व्हायचं. पिशवीत काय आहे ते वरून दिसत नाही, माणूस तळाला हात घालून उचलतो आणि काच, ब्लेड, सुई जे असेल ते सरळ आत जातं. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात घालायची, चिकटपट्टी लावायची आणि वर ठळक 'काच' लिहायचं, दोन मिनिटांचं काम आहे. दुसरं, मोबाईलची किंवा चार्ज होणारी कुठलीही बॅटरी डब्यात कधीच नको. गाडीत कचरा दाबला जातो, बॅटरी चेपली की आत शॉर्ट होऊन पेट घेते आणि आजूबाजूला कागद-प्लास्टिकच असतं. ताई, डबा तुमचा आहे, आत काय आहे हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून वरून कधीही दाबू नका. आणि चिठ्ठी लावणाऱ्या माणसावर राग धरू नका, कोणी टाकलं ते त्याला कळायला मार्ग नसतो. त्याच्याशी एकदा बोला, कोणाच्या डब्यात नेहमी काय असतं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

परसातली_शेवंती
वडिलांना माझा नमस्कार सांगा. खतात काच गेली तर काय होतं हे मी भोगलंय, अख्खा ढीग चाळावा लागला होता.

कॅमेरा_लावा
सगळे एवढं लिहितायत, एक कॅमेरा लावा, दोन दिवसांत कळेल.

सावलीची_बाजू
कॅमेऱ्यात समोरच्यांचं दार येत असेल तर तो वेगळाच तंटा. आणि कळल्यावर पुढे काय? शेवटी बोलायलाच लागणार.

काटकोन
उंबरठा, एक महत्त्वाचं राहिलं. पिशव्या गाडी येऊन जायच्या आधी येतात की नंतर? म्हणजे भरलेल्या डब्यावर ठेवतात की रिकाम्या डब्यात तळाला असतात?

उंबरठा
हात दाखवला, दोन टाके पडले, काच आत नव्हती. पांढरी पट्टी, तुम्ही म्हणालात म्हणून गेले नाहीतर हळद लावून बसले असते.
काटकोन, आता आठवून बघितलं तर जास्त करून तळाला असतात. सकाळी लवकर निघतो म्हणून डबा आदल्या रात्रीच बाहेर ठेवतो आणि आत घेतो ते संध्याकाळी सात-साडेसातला.

काटकोन
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं! गाडी सकाळी जाते, तुमचा रिकामा डबा दिवसभर रस्त्यावर उघडा पडून असतो. ज्यांची गाडी चुकली किंवा ज्यांचा डबा भरलाय ते त्यात टाकतात, आणि ते पुढच्या गाडीपर्यंत आत कुजतं. उन्हाळ्यात माशीची अंडी एका दिवसात फुटतात, अळ्या झाल्या असतील तर त्यामुळेच. गाडी गेल्यावर डबा आत ओढायला कोणी मिळतंय का ते बघा, अर्धा त्रास तिथेच थांबेल.

वरच्या_मजल्यावर
मी दुसऱ्या बाजूने लिहिते, राग नका मानू. आम्ही भाड्याने राहायला आलो तेव्हा घरमालकाने डबाच दिला नव्हता. चार महिने मी शेजारच्या डब्यात पिशवी टाकत होते, रात्री, कोणी बघत नाही ना ते बघून. चूक होती, मला आजही लाज वाटते. पण कोणाला विचारायचं, डबा कुठून मिळतो, काहीच माहीत नव्हतं. शेवटी शेजारच्या आजी स्वतः वर आल्या, रागावल्या नाहीत, अर्ज कुठे करायचा ते सांगून गेल्या. तुमच्या ओळीत कोणी नवीन राहायला आलंय का?

उंबरठा
हो, डाव्या बाजूला. दोन-अडीच महिनेच झाले असतील, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

सरळ_फाटकात
बघा, सापडले ना.

सावलीची_बाजू
अजून काहीही सापडलेलं नाहीये. ताई, 'तुम्ही टाकता का' असं विचारू नका, 'तुम्हाला डबा मिळाला का' एवढंच विचारा.

उंबरठा
काल संध्याकाळी जाऊन आले. त्यांचा डबा आहे पण आमच्यासारखाच, त्याच रंगाचा, आणि आमच्या घराचा नंबर डब्याच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे. त्या म्हणाल्या सासरे सकाळी फिरून आले की पिशवी टाकतात, त्यांना दिसतं कमी, दोन्ही डबे शेजारी शेजारी असले की जो हाताला येईल त्यात. त्यांना खूप वाईट वाटलं, माझा हात बघून तर रडायलाच लागल्या. मलाच कसंतरी झालं, दोन महिने मी त्यांच्याकडे बघून हसले पण नव्हते. आज झाकणावर आणि पुढून मोठा पांढरा नंबर रंगवला. गाडी गेली की माझा डबा पण ते सासरेच आत लोटून ठेवणार आहेत, स्वतःहून म्हणाले.
पण काच त्यांची नाही म्हणतात आणि मला ते खरं वाटतं, त्यांच्या पिशव्या हिरव्या, काच काळ्या पिशवीत होती. ती कोणाची कळलं नाही.

पहाटेची_गाडी
गुरुवारी गाडीवाल्याला काळ्या पिशवीबद्दल विचारा. आणि तोवर डब्यात हात घालू नका.

कडीकोयंडा
वजनाची कडी कशी बसवायची ते हवं असेल तर फोटो टाकतो.

पांढरी_पट्टी
टाके पडले ते लिहिलंत, लस घेतली की नाही ते नाही लिहिलं.

उंबरठा
घेतली. कडीचे फोटो टाका, पालिकेत उद्या विचारते.